निकष २.४-ब

फेब्रुवारीची सोळा. बाहेर उणे अकरा,
पार्किंगमधल्या बर्फावर धुराची काळी साय.
मुख्याध्यापकांना तक्ता पाचपर्यंत हवाय.
दुसरी इयत्ता, गणित: तेवीस ओळी, चौदा रकाने.
हिरवा म्हणजे जमलं. पिवळा म्हणजे जमत आलं.
लाल म्हणजे पालकांना पत्र, दोन भाषांत.

ब्रेन्ना ओल्डनकॅम्प हिरवी, डावीकडून उजवीकडे,
जूनमधल्या मक्यासारखी, एक पान पिवळं नाही.
न्याकुओथ ऑक्टोबरात लाल होती, आता पिवळी.
ती उत्तर आधी माझ्या कानात सांगते, बरोबर,
मग कागदावर दुसरंच लिहिते.
कानासाठी रकाना नाही.
एह डोहचा हातचा हरवतो.
‘एक कुठे गेला रे?’ विचारलं,
तर त्यानं जॅकेटचे खिसे उलटे केले.
पिवळा. (हसू येत होतं म्हणून हिरवा करणार होते.)

मग ओळ अठरा. एल्मर त्सोक.
बावन्नातून सतरा.
निकष म्हणतो: दशक सुटा करून वजाबाकी करतो
व कृती स्पष्ट करतो.
एल्मरनं दोन माणसं काढली,
काड्यांचे हात, काड्यांचे पाय,
आणि शेजारी बारा ठिपके.
एका माणसाची सतरा बोटं खोडली.
तीन उरली.
तीन, बारा आणि एक अख्खा माणूस:
पस्तीस.

‘हे माणूस कशाला?’
तो माझ्याकडे असा बघतो
की मीच दुसरीत आहे.
‘वीस,’ म्हणतो. ‘घरी वीसला माणूसच म्हणतात.
हाताची, पायाची, मोजून संपली की माणूस.’
डोंगरातली त्यांची भाषा, स्पॅनिशच्याही आधीची;
आमच्या ऑफिसच्या फॉर्मवर
ती ‘इतर’मध्ये आहे.

मी म्हटलं, छान. म्हटलं, आता दहा-दहाचे गठ्ठे करून दाखव.
दहा म्हणजे काय, त्यानं विचारलं,
फक्त हात?
पाय कुठे गेले?

वीस वर्षं शिकवतेय. एक माणूसभर वर्षं.
उत्तर सुचलं नाही.

नोव्हेंबरातल्या पालकभेटीला त्याचे वडील
रात्रपाळीला जाता जाता आले होते,
मांसाच्या कारखान्याचे पांढरे बूट, अंगाला ब्लीचचा वास.
छोट्या खुर्चीत मावेनात. उजवा हात खिशात.
तक्ता दाखवला, ते मान हलवत राहिले,
एल्मर मध्ये बसून माझं त्यांना, त्यांचं मला.
मध्येच म्हणाला, ‘पप्पा एकोणीस आहेत.’
मला वाटलं, वय सांगतोय, चुकतोय,
आणि हसून मी वहीत नोंदवलंसुद्धा:
मोठ्या संख्यांचा अंदाज कच्चा.

ती वही आज उघडी आहे.
ते वाक्य खोडावं तर पेन कागदाला भोक पाडतं.

चार चाळीस. कर्सर चौकोनात लुकलुकतोय.
उत्तर बरोबर. कृती बरोबर. दशक नाही.
हिरवा केला तर मेमधल्या परीक्षेत संगणक त्याला दशकच विचारणार,
तेव्हा मी तिथे नसणार.
लाल केला तर पत्र जाईल,
ते वाचून दाखवेल एल्मर.
पिवळा म्हणजे काय, एकोणीस-वीस?

चौकोन मोकळा सोडून पाठवायला गेले.
तक्ता विचारतो: विद्यार्थी गैरहजर होता का?
हो किंवा नाही.

शाळेचा रखवालदार ग्लेन दिवे मालवत येतोय,
मोठ्यानं खोल्या मोजत, नऊ, दहा,
दाराशी थांबतो, ‘मिस हॅव्हलिचेक, अजून?’
टेबलाखाली मी बुटांतली बोटं
एकेक करून हलवून बघतेय.
थंडीनं दोन कळेनात.
पुन्हा पहिल्यापासून.